चालू सर्व्हरची सिस्टिम डिस्क एन्क्रिप्ट करायची, तर आधी रात्रीची किल्ली कोणाकडे ते ठरवा

शहाद्याच्या एका तरुणाने विचारलंय. धुळ्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबचा रिपोर्टचा सर्व्हर तो सांभाळतो. भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर, उबुंटू २२.०४, २ जीबी रॅम, ८० जीबीची एकच डिस्क, निम्मी भरलेली, तीन वर्षं अखंड चालू. लॅबच्या डॉक्टरांनी डेटा संरक्षण कायद्याबद्दल वाचलं आणि सांगितलं, "सगळा सर्व्हर एन्क्रिप्ट करून टाक." त्याचे प्रश्न दोन. नव्याने इन्स्टॉल न करता, आहे त्याच सिस्टिम डिस्कला एन्क्रिप्शन लावता येतं का? आणि लावलं तर प्रत्येक रिबूटला पासवर्ड विचारेल, तो टाकायचा कुठे, मशीन तर समोर नाही?

लावता येतं. पासवर्ड विचारेल. आणि तो लांबून टाकताही येतो. मी जळगावात बसून सोळा वर्षं लहान धंद्यांचे सर्व्हर सांभाळते, त्यात केळीचे व्यापारी आहेत, डाळ मिल आहे, दोन दवाखाने आहेत, आणि हे काम मी स्वतः बरेचदा केलेलं आहे. पण तुमचा खरा प्रश्न मला कमांडचा वाटत नाही. कुलूप कोणापासून लावायचं आहे आणि रात्री ते उघडणार कोण, हा तो प्रश्न आहे. याचं उत्तर मिळाल्यावर निम्म्या लोकांना सिस्टिम डिस्कला हात लावायची गरजच उरत नाही, असा माझा अनुभव आहे.

आधी कोणापासून, ते पाहू. लिनक्सवर डिस्क एन्क्रिप्ट करायची, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी करायची, तर त्याची सोय म्हणजे लक्स (LUKS). डिस्कवर जे लिहिलं जातं ते एन्क्रिप्ट होऊन लिहिलं जातं, आणि पासफ्रेज, म्हणजे लांब पासवर्ड, दिल्यावर मशीन चालू असेपर्यंत ते खुलं असतं. आपल्या सराफ बाजारात रात्री तिजोरी बंद असते आणि दिवसा गिऱ्हाईक असताना उघडी असते, तसंच. सर्व्हर चोवीस तास चालू, म्हणजे तिजोरी चोवीस तास उघडी. कोणी तुमच्या वेबसाइटच्या कोडमधल्या भोकातून आत शिरला, तर लक्स त्याला एक क्षणही अडवणार नाही. त्याला फाइली तशाच वाचता येतील जशा तुमच्या अ‍ॅप्लिकेशनला येतात. सर्व्हर भाड्याने देणाऱ्या प्रोव्हायडरच्या मूळ मशीनवर ज्याचा पूर्ण ताबा आहे, त्याला चालू सर्व्हरची रॅम वाचता येते, आणि किल्ली रॅममध्येच असते.

मग उपयोग कशाला? बंद पडलेली डिस्क भंगारात गेली, स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची त्या क्षणाची प्रत, चुकीच्या हाती पडला, तुम्ही सर्व्हर सोडल्यावर तुमच्या डेटाचे तुकडे (ब्लॉक) तिथेच राहिले, कोणी डिस्कची इमेज उचलून नेली, अशा सगळ्या ठिकाणी उपयोग होतो, आणि तो खरा उपयोग आहे. रुग्णांचे रिपोर्ट असतील तर मी एन्क्रिप्शन लावाच म्हणेन. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे आणि २०२५ च्या नियमांत उपायांमध्ये एन्क्रिप्शनचं नाव आहे. मात्र सिस्टिम डिस्कच केली पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. डॉक्टरांना हे नीट समजावून सांगा, कारण "सगळं एन्क्रिप्ट झालं" ऐकून ते निर्धास्त होतील आणि तुमचं रिपोर्टचं पान तसंच उघडं राहील. रुग्णाला व्हॉट्सअ‍ॅपवर जी लिंक जाते, तिच्यातला नंबर एकने वाढवून पाहा. दुसऱ्याचा रिपोर्ट उघडला, तर आधी ते दुरुस्त करा. डिस्क आठवडाभर थांबू शकते.

आता उघडणार कोण. रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याचा सर्व्हर मी सांभाळत होते. बागेत घड उतरले की वजन, गाडीचा नंबर, शेतकऱ्याचं नाव मोबाईलवर टाकायचं आणि तिथेच पावती निघायची. मी त्याची पूर्ण सिस्टिम डिस्क एन्क्रिप्ट केली. काम चोख झालं, दोन महिने काही घडलं नाही. मे महिन्यात एके रात्री प्रोव्हायडरने देखभालीसाठी मूळ मशीन बदललं. २ वाजून ४० मिनिटांनी सर्व्हर रिबूट झाला आणि पासफ्रेजची वाट पाहत थांबला. मी यावलला माहेरी होते. उन्हामुळे मे महिन्यात बागेतलं काम पहाटेच सुरू होतं. साडेपाचला मुनीमजींचा फोन आला, "ताई, ते उघडूनच नाही राहिलं. दोन गाड्या उभ्या आहेत." पासफ्रेज मला पाठ होती. पण सर्व्हरवर लांबून लॉगिन करायची एसएसएच किल्ली जळगावच्या घरी, लॅपटॉपमध्ये होती. भावाच्या गाडीवर जळगावला आले आणि सर्व्हर उघडला तेव्हा सात वाजून गेले होते. तोवर त्यांनी पावत्या वहीवर लिहिल्या, आणि त्या दिवशी एका शेतकऱ्याच्या वजनात चूक राहिली ती महिनाभर निस्तरत बसावं लागलं. एन्क्रिप्शनने त्याचं काम बरोबर केलं होतं. किल्ली एकाच माणसाकडे आणि तीही एकाच जागी ठेवली, ही चूक माझी होती.

म्हणून आता कोणी विचारलं की मी आधी हेच विचारते: रात्री अडीचला सर्व्हर रिबूट झाला तर पासफ्रेज टाकणारी दोन माणसं कोण? दोन नावं पटकन सांगता आली नाहीत, तर सिस्टिम डिस्क एन्क्रिप्ट करू नका. तुमच्या लॅबमध्ये तुम्ही एकटे असाल, तर माझा सल्ला वेगळा आहे आणि आधी तोच सांगते.

सिस्टिम डिस्क आहे तशी ठेवा. प्रोव्हायडरकडून एक वेगळं व्हॉल्यूम, म्हणजे जोडीची दुसरी डिस्क, घ्या, त्यावर लक्स लावा, आणि डेटाबेसची डिरेक्टरी व रिपोर्टच्या पीडीएफ तिथे हलवा. रिबूट झाला की सर्व्हर स्वतःच उठतो, नेहमीचं एसएसएच चालू होतं. तुम्ही लॉगिन करता, व्हॉल्यूम उघडता, सेवा सुरू करता. बूटच्या भानगडीत काही बिघडायची भीती नाही, आणि घडलंच तर निदान मशीनमध्ये शिरता येतं. वेबसाइट तोवर "थोड्या वेळाने प्रयत्न करा" असं पान तरी दाखवू शकते.

यात एक खड्डा आहे, तो नीट बघून घ्या. व्हॉल्यूम उघडलेलं नसताना माउंटची जागा, म्हणजे ते जिथे जोडलं जातं ती, साधी रिकामी डिरेक्टरी असते. तुमचं अ‍ॅप्लिकेशन सुरू झालं तर ते नवे रिपोर्ट त्या रिकाम्या डिरेक्टरीत, म्हणजे साध्या डिस्कवर, बिनबोभाट लिहीत बसेल. नंतर तुम्ही व्हॉल्यूम माउंट केलं की त्या फाइली त्याखाली झाकल्या जातात, दिसत नाहीत, आणि रिपोर्ट हरवला म्हणून शोधाशोध सुरू होते. उपाय दोन, दोन्ही करा. माउंट नसताना त्या डिरेक्टरीवर चॅटर (chattr) कमांडने इम्यूटेबल, म्हणजे बदल करू न देणारी, खूण लावा, मग तिच्यात कोणालाच लिहिता येत नाही. आणि डेटाबेस व अ‍ॅप्लिकेशनच्या सिस्टिमडीतल्या (लिनक्सवर सेवा सुरू करणारी यंत्रणा) सेवांना ते माउंट असल्याशिवाय सुरूच होऊ नका असं बांधून टाका.

दुसरी गळती म्हणजे स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा), तात्पुरत्या फाइली आणि लॉग. स्वॅप एकतर बंद करा किंवा क्रिप्टटॅब या सेटिंगच्या फाइलमध्ये दर बूटला नवी यादृच्छिक किल्ली घेईल असा लावा, त्याला पासफ्रेज लागत नाही. पीडीएफ तयार होताना ती आधी तात्पुरत्या फोल्डरमध्ये बनते, ते फोल्डर एन्क्रिप्ट केलेल्या व्हॉल्यूमवर न्या. लॉगमध्ये रुग्णाचं नाव किंवा मोबाईल नंबर छापला जातो का, हे एकदा उघडून वाचा. मला बहुतेक ठिकाणी सापडलेलं आहे.

एवढं सांगूनही पूर्ण सिस्टिम डिस्कच हवी असेल, आणि दोन माणसंही असतील, तर दोन वाटा आहेत. जुन्याच डिस्कवर करणं किंवा नवा सर्व्हर एन्क्रिप्ट करूनच उभा करून सामान हलवणं. शक्य असेल तिथे मी दुसरी वाट धरते. कारण सोपं आहे. जुना सर्व्हर चालू राहतो, काही फसलं तरी लॅबला कळतही नाही. शिवाय तीन वर्षं जो डेटा उघडा लिहिला गेला, तो जागच्या जागी एन्क्रिप्ट केल्याने पुसला गेला याची खात्री कोणी देऊ शकत नाही. व्हर्च्युअल डिस्क म्हणजे प्रोव्हायडरच्या साठवणीवरचा एक थर असतो, आपण त्याच ब्लॉकवर लिहिलं तरी खाली ते दुसरीकडे लिहिलं जाऊ शकतं. जुने स्नॅपशॉट तर तसेच असतात, ते हाताने काढून टाकावे लागतात. नवा सर्व्हर घेताना प्रोव्हायडर तुम्हाला तुमची इन्स्टॉलेशन इमेज (आयएसओ) लावू देतो का बघा. देत असेल तर कन्सोलमधून नेहमीचं इन्स्टॉलेशन, त्यात एन्क्रिप्शनचा पर्याय. डीएनएसचा टीटीएल, म्हणजे जुना पत्ता लक्षात ठेवायची मुदत, आदल्या दिवशी कमी करा, रविवारी दुपारी डेटाबेस हलवा, संध्याकाळी जुना सर्व्हर बंद. जुन्यावर जे पासवर्ड आणि एपीआय किल्ल्या होत्या, त्या नव्यावर बदलूनच टाका.

आता तुम्ही विचारलेली वाट, त्याच डिस्कवर. यात बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर आहेत, म्हणून आधी तीन तपासण्या. सर्व्हर केव्हीएमसारखा पूर्ण व्हर्च्युअल आहे की कंटेनर? कंटेनर असेल तर कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, तुमचा नसतो, हे काम तिथे होणार नाही. सिस्टिमडी-डिटेक्ट-व्हर्ट चालवलं की कळतं. दुसरं, पॅनेलमध्ये कन्सोल आणि रेस्क्यू मोड (वेगळ्या सिस्टिमवरून मशीन सुरू करायची सोय) आहे का? नसेल तर सुरुवातच करू नका. तिसरं, फाइलसिस्टिम कोणती? ईएक्सटी४ लहान करता येते. एक्सएफएस अशी लहान करता येत नाही, तिथे बॅकअप घेऊन, नव्याने फॉरमॅट करून परत भरणं हाच मार्ग.

बॅकअपबद्दल एकच सांगते. तो या सर्व्हरबाहेर हवा आणि दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिलेला हवा. आणि पॅनेलमधून या सर्व्हरची एक प्रत उभी करा, पूर्ण काम आधी त्या प्रतीवर करा. दोन दिवसांचं भाडं जाईल, पण तुमच्या प्रोव्हायडरच्या नेटवर्कच्या आणि ग्रबच्या, म्हणजे बूट करणाऱ्या प्रोग्रामच्या, खोडी तिथेच कळतात. प्रतीत रुग्णांचा डेटा आहे हे विसरू नका, काम झालं की ती मोडा.

क्लाउडच्या इमेजमध्ये बहुधा बूट फोल्डर मुख्य पार्टिशनमध्येच असतं. लांबून पासफ्रेज टाकायची तर कर्नल आणि इनिटरामएफएस (बूटच्या सुरुवातीची छोटी सिस्टिम) उघड्या पार्टिशनवर हवेत. ग्रब स्वतः लक्स उघडू शकतो, पण तेव्हा नेटवर्क नसतं, आणि लक्स२ मध्ये पासफ्रेजपासून किल्ली बनवणाऱ्या आर्गॉन२ शी उबुंटू २२.०४ मधल्या ग्रबचं जमत नाही. म्हणून वेगळं बूट पार्टिशन लागतं. मी करते ते असं: पॅनेलमधून डिस्क २ जीबीने वाढवते, म्हणजे शेवटी मोकळी जागा मिळते, तिथे बूट पार्टिशन. पण क्लाउड-इनिटमधलं ग्रोपार्ट पुढच्या बूटला मुख्य पार्टिशन आपोआप वाढवून ती जागा गिळून टाकतं. ते आधी बंद करा आणि डिस्क वाढवल्यावर थेट रेस्क्यू मोडमध्येच जा. डिस्क एकदा वाढवली की बहुतेक ठिकाणी कमी करता येत नाही, तेही लक्षात असू द्या.

रेस्क्यूमध्ये फाइलसिस्टिमची सक्तीची तपासणी करायची, मग रीसाइझ२एफएसने ती लहान करायची. लक्स२ चा हेडर, म्हणजे डिस्कच्या सुरुवातीची किल्ल्यांची नोंद, १६ एमबीचा असतो आणि क्रिप्टसेटअपला त्याच्या दुप्पट, ३२ एमबी, जागा द्यायची असते. मी हिशेब न करता सरळ १ जीबी कमी करते, नंतर पुन्हा वाढवता येते. मग क्रिप्टसेटअप रीएन्क्रिप्ट, एन्क्रिप्ट आणि रिड्यूस-डिव्हाइस-साइझ या पर्यायांसह. ते डिस्कवरचा मजकूर सरकवत सरकवत एन्क्रिप्ट करत जातं. मध्ये वीज गेली किंवा जोडणी तुटली तर प्रगतीची नोंद हेडरमध्ये असते, तिथून पुढे चालू करता येतं. तरी मी ते टीमक्समध्येच, म्हणजे जोडणी तुटली तरी चालू राहणाऱ्या टर्मिनलमध्ये, चालवते, कारण आपल्याकडे उन्हाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही. लक्षात घ्या, ८० जीबीची डिस्क निम्मी रिकामी असली तरी सगळी ८० जीबी वाचली-लिहिली जाते.

झालं की लक्स उघडायचं, फाइलसिस्टिम पुन्हा पूर्ण वाढवायची, माउंट करायची, चरूट करून (तीच चालू सिस्टिम मानून) आत जायचं. बूटमधल्या फाइली नव्या पार्टिशनवर, त्याची ओळ एफएसटॅब या माउंटच्या यादीत, लक्सची ओळ क्रिप्टटॅबमध्ये. आतल्या फाइलसिस्टिमचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, तोच राहतो, पण क्रिप्टटॅबमध्ये लक्सचा स्वतःचा यूयूआयडी लागतो. घाईत हे दोन उलटसुलट होतात. क्रिप्टसेटअप-इनिटरामएफएस आणि ड्रॉपबेअर-इनिटरामएफएस ही पॅकेजं घालायची, ड्रॉपबेअरला, म्हणजे बूटच्या वेळच्या छोट्या एसएसएच सर्व्हरला, तुमच्या सार्वजनिक किल्ल्या द्यायच्या, त्याचा पोर्ट नेहमीच्या एसएसएचपेक्षा वेगळा ठेवायचा, नाहीतर होस्टची ओळख बदलली म्हणून दर वेळी इशारा येतो आणि माणसं तो न वाचता पुढे जायला शिकतात. मग इनिटरामएफएस नव्याने बनवायचा आणि ग्रब पुन्हा बसवायचा. बूट होताना ड्रॉपबेअरमध्ये लॉगिन करून क्रिप्टरूट-अनलॉक चालवलं की पासफ्रेज विचारतो.

उबुंटूच्या क्लाउड इमेजवाल्यांसाठी एक जागा खास सांगते, कारण तिने माझी अख्खी दुपार खाल्ली होती. ग्रबच्या सेटिंगच्या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल असते, फोर्स-पार्टयूयूआयडी नावाची. ती असली की ग्रब इनिटरामएफएस टाळून थेट पार्टिशनवर उडी मारायला बघतो. तिथे आता लक्स आहे, कर्नलला ते वाचता येत नाही, आणि कन्सोलवर पॅनिक दिसतं. ती फाइल काढून ग्रब अपडेट करा.

रॅमचंही बघा. आर्गॉन२ मुद्दाम भरपूर रॅम घेतं, १ जीबीपर्यंत. आज २ जीबीवर तयार केलेला की-स्लॉट (एका पासफ्रेजची हेडरमधली जागा) उद्या पैसे वाचवायला सर्व्हर १ जीबीवर आणला तर उघडताना रॅम पुरत नाही म्हणून अडू शकतो. की-स्लॉट बनवतानाच पीबीकेडीएफ-मेमरीची मर्यादा कमी द्या. वेगाची काळजी फारशी नको, प्रोसेसरच्या सोयींच्या यादीत एईएस (एन्क्रिप्शनला वेग देणारी सोय) दिसत असेल तर रिपोर्टच्या सर्व्हरला फरक जाणवत नाही.

या वाटेतलं एक उघडं दार सांगितलंच पाहिजे. बूट पार्टिशन आणि ड्रॉपबेअरची होस्ट किल्ली उघडीच राहते. ज्याला तुमच्या डिस्कवर लिहिता येतं, तो इनिटरामएफएस बदलून पासफ्रेज चोरू शकतो. भंगारातल्या डिस्कपासून तुम्ही सुरक्षित, तिथल्याच बेइमान माणसापासून नाही.

चालू झाल्यावर लक्सचा हेडर बॅकअप घ्या. हेडर बिघडला तर बरोबर पासफ्रेज असूनही डेटा कायमचा गेला. पण तो बॅकअप जपा, कारण नंतर पासफ्रेज बदलली तरी जुना हेडर जुन्या पासफ्रेजने उघडतोच. प्रत्येक माणसाला स्वतंत्र की-स्लॉट द्या, लक्स२ मध्ये ३२ पर्यंत मिळतात. माणूस सोडून गेला की फक्त त्याचा स्लॉट काढायचा. एक तिसरी पासफ्रेज कागदावर लिहून, पाकीट बंद करून डॉक्टरांच्या लॉकरमध्ये. रावेरच्या त्या प्रकारानंतर माझ्या आणि माझ्या सहकाऱ्याच्या फोनमध्येही स्वतंत्र एसएसएच किल्ली असते, आणि ड्रॉपबेअरचा पोर्ट उघडा दिसला की दोघांच्या फोनवर घंटा वाजते. तो पोर्ट उघडा म्हणजे सर्व्हर अडून बसलाय, याहून सोपी खूण नाही.

आणि रोज रात्री डेटाबेसचा जो डंप (पूर्ण प्रत) निघून कुठल्यातरी ड्राइव्हवर जातो, तो साधाच असतो. डिस्क एन्क्रिप्ट झाल्याने तो एन्क्रिप्ट होत नाही. पाठवण्याआधी जीपीजीने एन्क्रिप्ट करा.

तुमच्या बाबतीत, एकटे असाल तर वेगळं व्हॉल्यूम. दोघं असाल आणि नवा सर्व्हर परवडत असेल तर तो. त्याच डिस्कवर करणं मी तिसरं ठेवते. प्रोव्हायडरच्या पॅनेलमध्ये कन्सोल उघडून पाहा, वेगळं व्हॉल्यूम मिळतं का विचारा, आणि एलएसबीएलके (lsblk, डिस्कची विभागणी दाखवणारी कमांड) चालवून काय येतं ते इथे टाका. डिस्क कशी विभागली आहे ते दिसलं की पुढचं नेमकं सांगते.